टेक्सासचं तेल आणि लोधिवलीची डहाळी

साताऱ्याहून निघताना बायकोनं विचारलं, "कर्जतला काय काम काढलंय?" मी म्हणालो, "दिलीपनं बोलावलंय. जुना मित्र आहे. शिवाय जरा हवापालट होईल." यातली पहिली दोन कारणं खरी होती, तिसरं साफ खोटं. मी चाललो होतो ते दिलीप गायकवाडची भरभराट किती खरी आणि किती फुगवलेली, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. ती फुगवलेलीच निघावी, अशी इच्छा पिशवीत कपड्यांच्या घडीखाली व्यवस्थित भरून घेतली होती.

तीस वर्षांपूर्वी खोपोलीच्या एका कारखान्यात आम्ही दोघं शेजारशेजारच्या लेथवर उमेदवारी करत होतो. हातानं मी सरस होतो. हे मी म्हणत नाही, फोरमन म्हणायचा आणि अवघड काम आधी माझ्याकडे यायचं. पुढे मी साताऱ्याला येऊन स्वतःचं वर्कशॉप टाकलं. शेंगदाण्याचं तेल काढणाऱ्या यंत्रात जो मळसूत्री दांडा फिरतो, तो मी बनवतो. तो इतका चांगला बनवतो की एकदा बसवला की पंधरा वर्षं गिऱ्हाईक तोंड दाखवत नाही. दिलीपही तेलाच्याच धंद्यात आहे, पण त्याचं तेल अमेरिकेत खडकातून निघतं, आणि त्यासाठी लागणारा पंपाचा एक भाग तो लोधिवलीत बनवतो. तो भाग चार-सहा दिवसांत झिजून फेकावा लागतो. म्हणजे टिकाऊ माल करून मी रिकामा बसलोय आणि झिजणारा माल करून दिलीप दुसरी शेड बांधतोय. हा हिशेब मी गाडीत पुण्यापासून खंडाळ्यापर्यंत मांडला आणि दर बोगद्यात नव्यानं तपासून पाहिला.

कर्जत स्टेशनवर उतरलो तेव्हा दुपार कलली होती. माघ लागला होता, हवेत गारवा होता. फलाटाबाहेर एक म्हातारी वालाच्या शेंगांचा ढीग लावून बसली होती. मी नुसता बघत उभा राहिलो तर म्हणाली, "घेवा की भाऊ, पोपटीच्या शेंगा हायत, मडक्यात भाजायच्या. नुसत्या बघून काय पोट भरतंय?" मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "सगळ्या द्या मावशी." दिलीप होता. त्यानं आख्खा ढीग घेतला. भेटल्याभेटल्या माणसानं असं करू नये.

"काय रं सुभाष, केवढा वाळलास!" तो म्हणाला.

"आणि तू केवढा सुटलास," मी म्हणालो. तेवढंच समाधान.

पण ते खरंही नव्हतं. तो होता तसाच होता, फक्त शर्ट इस्त्रीचा होता आणि गाडी नवी.

दिलीप भिसेगावात राहतो. तिसऱ्या मजल्यावर घर, गॅलरीतून माथेरानचा डोंगर सबंध दिसतो. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याच्या शेजारी टेक्सासचा नकाशा, आणि दोन घड्याळं, एक आपलं आणि एक तिथलं. वहिनींनी तांदळाच्या भाकरी, सुकटीची चटणी आणि वालाचं बिरडं केलं होतं. बिरड्यात काहीतरी कमी असेल म्हणून मी फार लक्ष देऊन जेवलो. काही कमी नव्हतं. दोनदा वाढून घेतलं.

जेवण झाल्यावर दिलीप शेंगा निवडायला बसला, आणि त्यातलीच एक उचलून त्यानं मला खडकातलं तेल समजावलं. "लोकांना वाटतं तेल म्हंजे विहिरीतल्या पाण्यासारखं, बादली सोडली की आलं वर. तसं नाय. ह्या शेंगेत दाणा कसा घट्ट बसलाय, तसं ते दगडात बसल्यालं असतं. दगडाला चिरा पाडायच्या तेव्हा सुटतं. मग खोल भोक पाडायचं, तिथनं आडवं वळायचं, आणि पाणी नि रेती जोरात दाबून सोडायची."

"रेती कशाला?"

"चिरा परत मिटू नयेत म्हणून. आणि ती रेतीच माझं घर चालवते. पंपातनं जाताना माझी सीट खाऊन टाकते."

सीट म्हणजे पंपातली झडप जिच्यावर बसते ती लोखंडी कडी, तांब्याच्या तोंडाएवढी, आतून उतरती घासलेली. तो उतार तंतोतंत नसला तर फटीतून रेती घुसते आणि काही तासांत पंप बसतो. "पहिल्यापेक्षा कमी विहिरी खणून जास्त तेल काढायला लागलेत आता," दिलीप सांगत होता. "लांबच लांब आडव्या विहिरी. पंप दिवसरात चालतात. जेवढे चालतात तेवढ्या सीटी झिजतात." हे सांगताना त्याचा चेहरा चांगलं पीक सांगणाऱ्या माणसाचा झाला होता. मला ते बघवेना.

"भाव पडला तर?" मी मुद्दाम विचारलं.

"पडतो की. मागं पडला तवा मी फार्महाऊसवाल्यांची गेटं वेल्डिंग करत फिरलो." तो हसला. "पन ह्या वेळी जरा धाकधूक हाय. उद्या कंटेनर जातोय तो नव्या गिऱ्हाइकाचा. पहिलीच मोठी ऑर्डर. एक खराब सीट निघाली तरी सगळा माल परत, असं त्यानं लिहून घेतलंय. हे जमलं तर दुसरी शेड चालू, आनि वाडीवरच्या आनखी वीस बायकांना काम. नाय जमलं तर आहेत त्यांना पन घरी बसवावं लागंल."

त्या रात्री मला चांगली झोप लागली नाही. घड्याळं दोन होती म्हणून असेल.

सकाळी लवकर तो मला कोंडाण्याची लेणी दाखवायला घेऊन गेला. गावातून पुढे रानातली पायवाट आहे. पानगळ चालू होती, ओढे आटत आले होते, आणि सुकलेल्या पानांवरून माझा पाय दोनदा घसरला. दुसऱ्यांदा सरळ बसलोच. दिलीपनं हात दिला. चढताना तो धापत नव्हता याचाही मला राग आला.

लेणं समोर आलं आणि मी सगळं विसरलो, निदान थोडा वेळ. चैत्याचे खांब खालून तुटून गेलेत, पण वरची कमान, तिच्या फासळ्या, सज्जे, जाळ्या सगळं दगडात असूनही लाकडाचं वाटतं. सुतारकाम करणाऱ्या हातांनी छिन्नी धरली असणार. मी जवळ जाऊन कडांवरून अंगठा फिरवला. सवयच ती. दिलीपनं चपला बाहेर काढल्या, स्तूपासमोर हात जोडले, आणि मग मला डाव्या बाजूला एका फुटक्या मूर्तीजवळ नेलं. तिथं दगडात बारीक अक्षरं आहेत.

"कोरनाऱ्यानं लिवलंय," तो म्हणाला. "मला वाचता येत नाय, पन एका सरांनी सांगितलं. अमक्याच्या शिष्यानं हे केलं, असं हाय. आधी गुरूचं नाव, मग सोताचं."

मी म्हणालो, "म्हणजे गुरूला काही न करता दोन हजार वर्षं फुकटचं नाव."

"तसं पन म्हन," दिलीप म्हणाला आणि डबा उघडायला बसला.

कर्जतहून चौककडे जाणारा रस्ता आता ओळखू येत नाही. दोन्ही बाजूंना निळ्या तलावांची चित्रं काढलेले बंगल्यांचे बोर्ड आणि मधूनच उरलेलं भाताचं खाचर. चौक जवळ आलं तसा इर्शाळगडाचा सुळका दिसू लागला, त्यातलं नेढं (सुळक्याला आरपार पडलेलं भोक) आणि त्यातून आभाळाचा तुकडा. लोधिवलीला पोचलो तेव्हा शेडबाहेर कंटेनर लागलेला होता आणि त्याचा ड्रायव्हर सावलीत चहा पीत होता. मला साहेब समजून त्यानं जागा करून दिली.

"भारी चाललंय यांचं," तो म्हणाला. "तिकडं विहिरी खनतायत, हिकडं आमची गाडी भरतेय. दोन वर्सांपूर्वी मी ह्यांचा माल छोट्या टेंपोत न्यायचो."

"किती दिवस चालणार म्हणा हे," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी इन्शुरन्सवाले का?"

आत संगणकावर चालणारी सहा सीएनसी मशीन होती, चकचकीत, आणि नव्या शेडचे खांब खिडकीतून दिसत होते. तपासणीच्या टेबलावर चांगुणा निरगुडे होती. डोंगराखालच्या ठाकरवाडीतली, तिशीची, नऊवारी खोचलेली, पायात सुरक्षेचे जाड बूट. दिलीपनं ओळख करून दिली, "हे माझे मित्र, साताऱ्याचे." नाव सांगायच्या आत त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. चांगुणा म्हणाली, "बसा भाऊ. आज पोपटी हाय. आमी भांबुर्डी आनतो नि येतो." भांबुर्डी म्हणजे रानातलं उग्र वासाचं झुडूप. त्याच्या पाल्याशिवाय पोपटी लागत नाही. ती बायकांना घेऊन शेडमागच्या माळाकडे गेली.

मी टेबलापाशी एकटा राहिलो. सीटींनी भरलेले चार ट्रे होते. एक जरासा बाजूला, आणि त्यावर करंजाची हिरवी डहाळी ठेवलेली. मला हसू आलं. दृष्ट लागू नये म्हणून असेल, माझ्यासारख्याची. ती डहाळी मी उचलली, खिडकीतून बाहेर टाकली, आणि त्या ट्रेमधली एक सीट हातात घेतली.

इथं माझ्या अंगठ्याबद्दल सांगायला हवं. उजव्या अंगठ्याचं नख मी उमेदवारीपासून वाढवतो. घासलेल्या पृष्ठभागावरून ते हलकेच आडवं ओढलं की, टूल जरा जरी थरथरलं असेल, तरी उठलेल्या लहरी नखाला लागतात. डोळ्याला दिसत नाहीत. मोजमापाच्या गेजला कळत नाहीत, कारण माप बरोबरच असतं. खोपोलीत माझं काम कधी परत आलं नाही ते या नखामुळे. ही युक्ती मी कोणाला शिकवली नाही. नख फिरवताना हातावर फडकं टाकायचो, शेजारच्या लेथवरून दिसू नये म्हणून. शेजारी दिलीप असायचा.

तर त्या सीटवरून मी नख फिरवलं, आणि ते अडखळलं. अगदी बारीक चर्रचर्र. दुसरी घेतली, तिच्यातही. तिसरी, तीच गत. ट्रेच्या ट्रे खराब होता, आणि बाहेर कंटेनर उभा होता.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, आधी आनंदच झाला. सहा मशीन, दोन घड्याळं, टेक्सासचा नकाशा, आणि हे. मग लगेच संशयानं घेरलं. दोन वर्षांत मी असं बारीक काम हातात धरलेलं नाही. मी इथं दोष शोधायलाच आलोय. हे नख सांगतंय की माझं जळणारं पोट सांगतंय? सीट परत ठेवली. तेवढ्यात पॅकिंगवाली दोन माणसं आली आणि चारही ट्रे उचलून घेऊन गेली. मी बघत राहिलो. त्यांची तपासणी आहे, त्यांचं ते बघतील, मी पाहुणा माणूस, असं मी स्वतःला सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

पोपटी शेडच्या मागे माळावर लावली होती. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, पुन्हा पाला, मग मडकं जमिनीवर पालथं घालून भोवती पेंढा आणि लाकडं पेटवायची. झालं की नाही ते बघायला चांगुणानं मडक्यावर पाण्याचा शिपका मारला. पाणी चुर्र करून लगेच उडालं. "झाली," ती म्हणाली. पाल्यावर ओतलेला तो वाफाळता ढीग, त्याचा तो हिरवा, धुराचा, ओव्याचा वास. दिलीप बायकांच्या मध्येच मांडी घालून बसला होता. मी शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला आणि सगळ्या जगाला माफ करायच्या बेतात आलो.

थोड्या अंतरावर सरपणाची एक मोळी पडली होती, तिच्यावर डहाळी ठेवलेली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "ही कशाला? दृष्ट लागू नये म्हणून?"

बायका हसल्या. चांगुणा म्हणाली, "नाय वो भाऊ. रानात मोळी बांधून ठिवली नि मानूस पान्याला गेला, तर वर डहाळी ठिवायची. मंग तिला कोन हात लावत नाय. आमच्यात कुनी डहाळी काढनार नाय, मेला तरी." मग तिनं मानेनंच शेडकडे खूण केली. "कंपनीत पन आमी तसंच करतो. जो ट्रे बाद, त्याच्यावर डहाळी. साहेबांनी लाल स्टिकर आनले व्हते, ते तेलानं निघून पडायचे. डहाळी पडत नाय. आजच एक ट्रे बाद केला मी."

माझ्या हातात शेंग अर्धी सोललेली होती.

म्हणजे माझ्याआधी तिनं पकडलं होतं. म्हणजे माझं नख खोटं बोललं नव्हतं. म्हणजे दोष सापडल्याचा तो आनंदही माझा उरला नाही. आणि म्हणजे तो ट्रे कंटेनरमध्ये चढला होता तो माझ्यामुळे. चूक कोणीच केली नव्हती, मी येईपर्यंत. गप्प बसलो तर कोणालाही कळणार नव्हतं. माल परत आला असता, शिव्या चांगुणाला बसल्या असत्या. ती शेंग पूर्ण सोलून होईपर्यंत मी गप्प बसलो. हे लिहिताना लाज वाटते, पण तेवढा वेळ मी बसलो.

मग म्हणालो, "ती डहाळी मी फेकली."

"कुठली?" दिलीप म्हणाला.

"टेबलावरची. ट्रे पॅकिंगला गेला. माझ्यासमोर नेला. सीटी खराब आहेत, मला कळलं होतं. मी बोललो नाही."

चांगुणा आधी उठली. दिलीप धावत कंटेनरपाशी गेला आणि बंद झालेलं दार उघडायला लावलं. ड्रायव्हर कुरकुरला. खोकी खाली उतरवली, पण कुठला ट्रे कुठल्या खोक्यात गेला ते कोणालाच सांगता येईना. गेज लावून उपयोग नव्हता, माप तर बरोबरच होतं.

"आमी बघतो," चांगुणा म्हणाली. बायका खोक्यांभोवती बसल्या, हात पुसले, आणि प्रत्येकीनं उजवा अंगठा सीटच्या आतल्या उतारावरून हलकेच आडवा ओढला. सगळ्यांची अंगठ्याची नखं वाढवलेली होती.

"हे काय करताय?" मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

चांगुणा मान वर न करता म्हणाली, "सुभाषभाऊचं नख. आमच्यात असंच म्हंतात ह्याला. साहेबांचे दोस्त हायत कुनी, त्यांनी साहेबांना शिकवलं, साहेबांनी आमाला." तिनं एक सीट बाजूला ठेवली. "नवी बाई आली की आदुगर इचारतो, सुभाषभाऊ जमतो का गं?"

दिलीप खोक्याच्या पलीकडे उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला चांगलं माहीत होतं की मी काही शिकवलं नव्हतं. मी फडकं टाकायचो आणि तो फडक्याच्या कडेतून बघायचा. मी त्याच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. तो आधी बोलला.

"हेच ते सुभाषभाऊ," तो म्हणाला.

बायकांचे हात थांबले. त्यांनी माझ्या तोंडाकडे नाही, अंगठ्याकडे पाहिलं. एक म्हातारी पुढे येऊन नख जवळून बघून गेली. चांगुणानं एक खोकं माझ्याकडे सरकवलं. "मंग बसा की भाऊ," ती म्हणाली, "हात आखडू नका. आनि परत डहाळी काढू नका."

मी बसलो. तासाभरात सगळ्या खराब सीटी निघाल्या. तीन माझ्या खोक्यात होत्या. दुसऱ्या एकीत मला शंका आली ती मी चांगुणाला दाखवली. तिनं नख फिरवलं आणि म्हणाली, "चांगली हाय." मी पुन्हा फिरवून पाहिलं. चांगली होती. ऊन उतरायच्या आत कंटेनर गेला, आणि गार झालेली पोपटी आम्ही तशीच खाल्ली.

रविवारी दिलीपनं कर्जतला गाडीत बसवून दिलं. "मी सांगायला हवं होतं त्यांना," मी म्हणालो. "काय?" तो म्हणाला. तेवढ्यात गाडी सुटली. गाडी घाट चढायला लागली.

घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं, "झाला का हवापालट?" मी हो म्हणालो. वर्कशॉप उघडलं, लेथवरची धूळ पुसली, फडकं खुंटीला अडकवलं. दिलीपच्या शेडचा, त्याच्या घड्याळांचा, खडकातून निघणाऱ्या त्याच्या तेलाचा हेवा मला अजूनही वाटतो. तो जाणार नाही, माझा स्वभावच तसा आहे. पण त्याहून जास्त हेवा मला आता दुसऱ्याच एका माणसाचा वाटतो. लोधिवलीला त्या बायका रोज सकाळी ज्याचं नाव घेऊन कामाला लागतात, ज्यानं आपली विद्या हातचं न राखता मित्राला देऊन टाकली, त्या सुभाषभाऊचा.